टोपी बरोब्बर बसली

वीस वर्षं नौदलात काढून मी पेन्शनवर घरी आले तेव्हा माझा मोठा भाऊ मंदार म्हणाला, "आता लिही काहीतरी. इतकी बंदरं पाहिलीस, लोकांना इंटरेस्टिंग वाटेल." बंदरांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. बंदरात उतरलं की आम्ही आधी फोन शोधायचो आणि मग पिझ्झा. चाळिशीत आठवणी लिहायला बसलेली बाई थोडी हास्यास्पद दिसते, हे मला कळतं. पण माझा उजवा कान जवळजवळ गेला आहे, दोन्ही गुडघे जिना चढताना कुरकुरतात आणि एक राग अजून जसाच्या तसा शाबूत आहे. म्हातारपणाला लागणारं सामान एवढं जमलं असेल तर लिहायला हरकत नाही. त्या रागाबद्दलच लिहिते. मंदारला ते आवडणार नाही, पण त्याला बंदरं हवी असतील तर त्याने स्वतः जाऊन पाहावीत.

आम्ही नेपरव्हिलला राहायचो. बाबा रोज सकाळी स्टेशनवर गाडी लावून ट्रेनने शिकागोला जायचे, संध्याकाळी परत यायचे आणि टाय न काढताच टीव्हीसमोर बसायचे. आई एका दातांच्या डॉक्टरकडे बिलांचं काम करायची. आजी गेल्यावर बाबांनी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आप्पांना, म्हणजे माझ्या आजोबांना, कायमचं आणलं. आप्पा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. ते आले आणि घराचे आवाज बदलले. पहाटे बेसिनवर रेझर आपटल्याचा टकटक आवाज यायचा, मग घसा साफ केल्याचा, मग गॅरेजचं दार वर जाताना होणारी करकर. शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये वर्तमानपत्र पसरून ते घरातल्या सगळ्यांचे बूट पॉलिश करायचे. मंदारचे बास्केटबॉलचे पांढरे बूटसुद्धा त्यांनी एकदा काळे केले होते आणि मंदार दोन दिवस घुम्यासारखा वावरला होता. बर्फ पडला की फावडं घेऊन आप्पा ड्राइव्हवे साफ करायचे, आणि कडा अशा सरळ कापायचे की समोरचे गृहस्थ कॉफीचा मग घेऊन बघायला यायचे. आई ठेच्यासाठी मिरच्या भाजायला लागली की छतावरचा धुराचा अलार्म हमखास कोकलायचा, आणि आप्पा हातातलं काम टाकून, टॉवेल घेऊन त्याच्याखाली उभे राहून वारा घालायचे. बाबा खिडक्या उघडत म्हणायचे, "आप्पा, नेबर्स पोलिसांना बोलावतील." आप्पा म्हणायचे, "येऊ द्या. त्यास्नी पण भाकर घाला." रविवारी शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून आणलेलं मटण, बाजरीची भाकरी आणि तो ठेचा. मी पुढे जगभर जे काही खाल्लं त्यात त्या रश्श्याच्या जवळपास जाणारं काही नव्हतं, आणि जहाजावरच्या पावडरीच्या अंड्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आप्पांबरोबर त्यांची काळी लोखंडी ट्रंक आली होती. आमच्या घरात फौजेत जाणाऱ्याने ती ट्रंक न्यायची आणि आपलं नाव झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहायचं, अशी रीत होती. सर्वांत वर पणजोबांचं नाव, त्याखाली आप्पांचं. त्याखाली आप्पांनी पट्टी धरून तिसरी ओळ आखून ठेवली होती, बाबांसाठी. बाबा इंजिनिअरिंगला गेले. ओळ तशीच राहिली. बाबांनी ती ट्रंक फॅमिली रूममध्ये ठेवली, वर आईने विणलेला रुमाल टाकला आणि त्यावर पणजोबांचा आणि आप्पांचा गणवेशातला फोटो मांडला. बाजूला काचेच्या पेटीत आप्पांची पदकं. घरी पार्टी असली की पाहुण्यांच्या हातात प्लेटा येतात न येतात तोच बाबा त्यांना त्या कोपऱ्यात न्यायचे. "आमच्याकडे चार पिढ्यांची फौजी ट्रॅडिशन," असं ते सांगायचे. मी मोजायचे तेव्हा दोनच व्हायच्या. पण पाहुणे मान डोलवायचे आणि सोफ्यावर बसलेले आप्पा काहीच बोलायचे नाहीत.

आप्पा फौजेच्या गोष्टी फारशा सांगत नसत. एक मात्र त्यांनी मला बूट पॉलिश करता करता सांगितली होती, आणि ती इथे लिहिणं भाग आहे. ते सीमेवर बर्फात होते तेव्हा गावाकडे त्यांची आई वारली. पणजोबांनी त्यांना कळवलं नाही. दर महिन्याला पत्र यायचं, त्यात लिहिलेलं असायचं, आई बरी आहे. सात महिन्यांनी आप्पा रजेवर आले, एसटीतून उतरले, आणि दारातल्या कुणाच्या चेहऱ्यावरून नव्हे, तर उंबऱ्याशी आईच्या वहाणा नव्हत्या त्यावरून त्यांना कळलं. "फौजेतल्या मानसाला घरचं वाईट कळवायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "त्याचं ध्यान हालतं. एकाचं ध्यान हाललं की धा जणं मरत्यात." मी पंधरा-सोळा वर्षांची होते. मी विचारलं, "आणि तुम्हाला राग नाही आला?" त्यांनी बुटावर थुंकी टाकली, फडक्याने घासली आणि म्हणाले, "आला की. त्यो कुणाला इचारतो?" मला ती गोष्ट तेव्हाच भयानक वाटली होती. असली रीत आपल्यावर कधी येईल हे मात्र डोक्यात आलं नाही, कारण ती रीत फौजेतल्या पुरुषांसाठी होती आणि मी नेपरव्हिलच्या हायस्कुलात केमिस्ट्रीत नापास होण्याच्या बेतात असलेली मुलगी होते.

मग न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर कोसळले तो सप्टेंबर आला. बाबांनी दुसऱ्याच दिवशी मिनीव्हॅनच्या दोन्ही खिडक्यांना अमेरिकेचे छोटे झेंडे लावले. स्कूलबसमध्ये एक मुलगा रोज माझ्या सीटला लाथ मारून म्हणायचा, तुझ्या देशात जा. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "इग्नोर कर. लो प्रोफाइल ठेव." ज्यांच्या घरात काचेच्या पेटीत पदकं होती, ते मला मान खाली घालायला सांगत होते. त्या दिवसापासून माझं आणि बाबांचं बिनसलं. शाळेच्या कॅन्टीनमध्ये पांढऱ्या गणवेशातला अमेरिकेच्या नौदलाचा एक माणूस भरतीसाठी टेबल मांडून पेनं वाटायचा. मी पेन घेतलं नाही, अर्ज घेतला. देशप्रेम वगैरे तेव्हा माझ्या मनात होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला मान वर करायची होती, आणि आमच्या घरात मान वर केलेले दोनच लोक मला माहीत होते, ते दोघेही गणवेशात होते.

मी सतरा वर्षांची असल्याने आईवडिलांची सही लागणार होती, म्हणून तो माणूस घरी आला. दारात बूट काढून, मोजे नीट करून आत बसला. बाबांना वाटलं, तो शाळेकडून काही सर्व्हे करायला आला आहे. त्यांनी त्याला चहा दिला, चिवडा दिला आणि गणवेश बघून अर्थातच ट्रंकेपाशी नेलं. तासभर चार पिढ्या झाल्या. तो माणूस भारावून गेला. म्हणाला, सर, आता समजलं सोनालीला हे कुठून आलं. आणि त्याने बॅगेतून कागद काढला. बाबांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग अतिशय सभ्य इंग्रजीत त्याला म्हणाले की काहीतरी गैरसमज झाला आहे, आणि त्याचे बूट स्वतः उचलून त्याच्यासमोर ठेवले.

तो गेल्यावर जे झालं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "घराण्याची ट्रॅडिशन म्हणजे हे नव्हे," बाबा म्हणाले. "तिथे तुला काय करायला लावणार आहेत माहितीये? रंग मारायला. डेक पुसायला. यासाठी मी इथे आलो?"

"मग तो फोटो कशाला लावलाय?" मी विचारलं.

"तो रिस्पेक्ट म्हणून आहे."

"म्हणजे फोटोला रिस्पेक्ट. जिवंत माणसाला नाही."

आईने हातातली वाटी खाली ठेवली. आप्पा सोफ्यावर होते. मी त्यांच्याकडे वळले. मला वाटलं होतं, ते माझ्या बाजूने एक शब्द तरी बोलतील. ते एवढंच म्हणाले, "मीठ कुणाचं खाणार हाईस, ते ठाव हाय ना?"

"जे रोज इथे खातेय तेच, आप्पा."

आप्पा उठून खोलीत गेले. मी अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एकटीने जाऊन सही केली, आणि ज्या सकाळी मला न्यायला गाडी आली त्या सकाळी आप्पा खोलीबाहेर आले नाहीत. आईने हातावर दही दिलं. बाबा नेहमीची ट्रेन पकडून ऑफिसला गेले होते. ट्रंक नेता येणार नव्हती, नौदलात फक्त एक लांबट कापडी पिशवी देतात. पण मला कुणी विचारलंही नाही. मी तो रुमाल उचलून तिसरी ओळ बघितली होती, हे फक्त मला माहीत.

भरतीचं प्रशिक्षण घरापासून तासाभराच्या अंतरावर, शिकागोच्या उत्तरेला तलावाकाठी होतं. दीक्षान्त संचलनाला बाबा आले नाहीत. आई आली. तिने त्याआधी कधी हायवेवर गाडी चालवली नव्हती. उजव्या लेनमधून बैलगाडीच्या वेगाने, मागच्यांच्या शिव्या खात ती आली, आणि मला मिठी मारून पहिलं वाक्य बोलली, "घरी कुणाला सांगू नकोस मी किती वेळ लावला." नंतर मला कळलं की मराठी मंडळाच्या गणपतीत बाबा सगळ्यांना सांगत होते, सोनाली सॅन डिएगोला असते, कोर्स करतेय. कसला कोर्स ते कुणी विचारलं नाही. आपल्याकडे कोर्स म्हटलं की लोक गप्प बसतात.

बाबांचं एक म्हणणं खरं निघालं. मला रंग मारायला लावलं. जहाज म्हणजे मुख्यतः गंज. आधी हातोडीने आणि खरवडणीने गंज काढायचा, मग तांबूस अस्तर, मग राखाडी रंग. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचलं की पहिल्या टोकाला पुन्हा गंज चढलेला असायचा. दोरखंड ओढायचे, बंदरात जहाज बांधायचं, हिवाळ्यात डेकवर उभं राहायचं. पहिल्या रजेवर घरी आले तेव्हा आप्पांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "हात दाव." मी दाखवले. तळहातावर घट्टे होते, नखांच्या कडेला राखाडी रंग होता, तो कशानेही जात नसे. त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, जशी शनिवारी बुटांची तपासणी करायचे. मग म्हणाले, "म्होरल्या खेपंला तुझ्या जहाजाची टोपी आन मला." एवढंच. त्यांनी मला आयुष्यात मागितलेली ती एकच गोष्ट. ती मान्यता होती की नुसतं म्हातारपणाचं खूळ होतं, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. मी ठरवलं, टोपी हातात देताना विचारायचं, आप्पा, माझं नाव लिहिणार का?

आणि मी टोपी विसरले. जहाजाच्या दुकानात ती कायम असायची, निळी, पुढे पिवळ्या धाग्याने जहाजाचं नाव. आज घेऊ, उद्या घेऊ करत वर्ष गेलं. बाबांच्या आधी मी स्वतःवरच चिडायला हवं, हे मला मान्य आहे आणि तेही मी वीस वर्षं करते आहे.

लांबच्या तैनातीवर निघालो तेव्हा मी आईला एक कार्ड दिलं. घरी कुणी गंभीर आजारी पडलं किंवा गेलं, तर त्या नंबरवर फोन करायचा, तिथले लोक खात्री करून जहाजावर निरोप पाठवतात. मी स्वतः ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. माझ्या तुकडीतल्या एका मुलाची आई गेली तेव्हा दुसऱ्या दिवशी निरोप आला, कप्तानाने त्याला बोलावलं आणि दोन दिवसांत हेलिकॉप्टरने धाडून दिलं. सगळं इतकं सोपं होतं.

आप्पांना ई-मेल येत नसे. मी बाबांच्या पत्त्यावर लिहायचे, बाबा त्यांना वाचून दाखवायचे आणि ते जे बोलतील ते खाली टाइप करायचे. बाबांचं स्वतःचं मात्र एक वाक्यही नसायचं. आप्पांचे निरोप हुकमासारखे असत. पाय कोरडे ठेव. पहारा बदलताना बसू नको. गरम पाणी मिळालं की पी. शेवटी मी टोपी विकत घेतली, बुडबुड्यांच्या प्लास्टिकात गुंडाळली आणि टपालात टाकली. तीन आठवड्यांनी बाबांचा मेल आला: टोपी मिळाली. आप्पांनी लगेच घातली. बरोब्बर बसली. आरशात बघून हसले. तुझी फार आठवण काढतात. मी तो मेल छापून घेतला आणि माझ्या बंकच्या वरच्या पत्र्याला चिकटवला. आडवं झालं की तो डोळ्यांसमोर यायचा. पुढचे चार महिने मी त्याच्याखाली झोपले.

मला कळायला हवं होतं. आप्पा आणि "आठवण काढतात"? आप्पा आरशात बघून हसले? त्या मेलनंतर एकही हुकूम आला नाही, नुसती माया येत राहिली, आणि मी मूर्खासारखी सुखावत राहिले.

तैनाती संपवून मी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उतरले तेव्हा आई एकटीच न्यायला आली होती, हायवेने. मी म्हटलं, "आप्पा नाही आले?" ती म्हणाली, "चल, आधी घरी." दार उघडलं. उंबऱ्याशी बूट ठेवायचा रॅक होता. सर्वांत खालच्या कप्प्यात आप्पांचे काळे बूट असायचे, आरशासारखे चकचकीत. तो कप्पा रिकामा होता. मी तिथेच उभी राहिले.

"कधी?" मी विचारलं.

"पाच महिने होतील," आई म्हणाली आणि रडायला लागली. "न्यूमोनिया झाला. चार दिवसांत गेले."

मी पाच महिने मोजले. मग टोपीची तारीख आठवली. टोपी घरी पोहोचायच्या नऊ दिवस आधी आप्पा गेले होते. फ्रिजवर ते कार्ड चुंबकाखाली जसंच्या तसं होतं, जरासं तेलकट झालेलं.

मी जेवले नाही. कोट न काढता डायनिंग टेबलाशी बसून राहिले. मध्ये बेल वाजली. मंडळातल्या देवधर काकू ढोकळ्याचा डबा परत करायला आल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगं, आलीस ऑस्ट्रेलियाहून? बाबा म्हणाले प्रोजेक्ट सोडून येता नाही आलं तुला. आप्पांच्या वेळी आम्हाला फार वाईट वाटलं गं तुझ्यासाठी." मी गणवेशात होते. त्यांनी तो बघितला, डबा टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या.

बाबा नेहमीच्या ट्रेनने आले. मला बघताच बॅग हातात धरूनच थांबले.

"टोपी कुणाला बसली, बाबा?"

"आधी काहीतरी खाऊन घे."

"टोपी कुणाला बरोब्बर बसली?"

ते खुर्चीवर बसले. टाय सैल केला. "मी घालून पाहिली होती," ते म्हणाले. "मला बसली."

मी ओरडले नाही. जहाजावर मी ओरडायला शिकले होते, शंभर फुटांवरच्या माणसाला वाऱ्यातही ऐकू जाईल असं. बाबाच बोलत राहिले. "आप्पांनीच बजावलं होतं. हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी पूर्ण शुद्धीत होते. म्हणाले, मंदारला बोलावून घे. सोनीला कळवायचं न्हाई, ती ड्यूटीवर हाय."

मंदार तेव्हा ओहायोत, डब्लिनला होता. त्याला त्याच संध्याकाळी फोन गेला. तो सहा-सात तास गाडी चालवत आला, आप्पांच्या उशाशी बसला, त्यांचा हात हातात घेतला. मला नाही. आणि "ड्यूटीवर हाय" हे बाबांनी रचलेलं नव्हतं. बाबा कधी "हाय" म्हणत नाहीत. ते आप्पाच होते. रीत मंदारला लागू नव्हती, तो नुसता नातू होता. रीत मला लागू होती. पणजोबांनी जे आप्पांना केलं तेच आप्पांनी मला केलं. ट्रंकेवर नाव लिहाल का, या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी देऊन टाकलं होतं, आणि ते उत्तर असं होतं की ते ऐकायला मी तिथे असता कामा नये. आतून मला आनंद झाला का? झाला. त्या आनंदाचाच मला सर्वांत जास्त संताप आला.

"आप्पांनी कळवू नका म्हणून सांगितलं," मी म्हणाले. "मेल्यावर जिवंत ठेवा म्हणून सांगितलं होतं का?"

"तू प्रत्येक मेलच्या पहिल्या ओळीत त्यांनाच विचारायचीस," बाबा म्हणाले. "मी काय लिहिणार होतो? समुद्राच्या मध्यावर होतीस."

"आणि ऑस्ट्रेलिया? तेही आप्पाच म्हणाले?"

बाबांनी टाय काढून टेबलावर ठेवला. आपल्या बापाच्या अंत्यसंस्काराला आलेल्या लोकांना ते सांगू शकले नव्हते की माझी मुलगी जहाजावर आहे. चार पिढ्यांची ट्रॅडिशन सांगणारा माणूस. मी खुर्ची मागे सारली, फॅमिली रूममध्ये गेले, फोटो बाजूला ठेवले आणि ट्रंक ओढत गॅरेजमध्ये नेली.

दुसऱ्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानातून खरवडणी, तारेचा ब्रश, अस्तर आणि रंग आणला. कडांना, कड्यांना, बिजागऱ्यांना गंज चढला होता. आप्पा असते तर त्यांनी तो चढू दिला नसता, पण शेवटी शेवटी त्यांना वाकता येत नव्हतं म्हणे. मी तीन दिवस तेच केलं. खरवडलं, घासलं, अस्तर दिलं, काळ्या रंगाचा हात दिला. वरची दोन नावं मात्र तशीच राखली. हे काम मला आमच्या घरातल्या कुणाहीपेक्षा चांगलं येत होतं. तिसऱ्या दिवशी बारीक ब्रशने पांढऱ्या रंगात मी तिसऱ्या ओळीवर माझं नाव लिहायला घेतलं. बाबा दारात येऊन उभे राहिले. ते किती वेळ उभे होते मला माहीत नाही.

"ती ओळ आप्पांनी माझ्यासाठी आखली होती," ते म्हणाले.

"तीस वर्षं रिकामी होती, बाबा."

ते आत गेले. संध्याकाळी रंग वाळल्यावर मी ट्रंक परत जागेवर नेली. सकाळी पाहिलं तर तिच्यावर रुमाल पुन्हा घातलेला होता. मी काढला. रजा संपेपर्यंत आमचं हेच चाललं होतं, ते घालायचे आणि मी काढायचे. टोपी मला त्यांच्या कपाटात सापडली, शर्टांच्या मागे. मी ती घेतली नाही. नको होती मला.

त्यानंतर सोळा-सतरा वर्षं मी समुद्रावर आणि बंदरांत काढली. बाबांशी बोलणं कधी तुटलं नाही, पण सुरळीतही कधी झालं नाही. लोक म्हणतात, काळ गेला की माणूस समजून घेतो. मी समजून घेतलं आहे. आप्पांचं समजलं, बाबांचंही समजलं. समजल्याने राग कमी होतो, असं मला सांगणारे लोक बहुधा कधी नीट रागावलेच नसावेत. माझ्या मते ती रीतच दुष्ट आहे. ती पणजोबांनी केली तेव्हाही दुष्ट होती आणि आप्पांनी सोसली म्हणून ती चांगली होत नाही. माणसाचं ध्यान हलू नये म्हणून त्याचं रडणं चोरायचं, आणि वर त्याला मान समजायचं.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. बायपास करायची ठरली. मंदारची मुलगी ईरा तेव्हा समुद्रावर होती, तिच्या पहिल्या जहाजावर. तिने भरती व्हायचं ठरवलं तेव्हा सर्वांत जास्त विरोध मंदारने केला, हे मी त्याला वाचायला मिळावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी मला जवळ बोलावलं. हातात सलाइन होतं. म्हणाले, "ईराला काही कळवू नकोस. ती ड्यूटीवर आहे."

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले आणि नंबर फिरवला. तो मला पाठ होता. पलीकडच्या बाईला मी रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, जहाजाचं नाव सांगितलं. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. परत आत जाऊन बाबांना सांगितलं, कळवलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

चौथ्या दिवशी ईरा आली, ओहेअरहून थेट, गणवेशात, खांद्याला ती लांबट पिशवी. बाबा शुद्धीत होते, पण फार लहान दिसत होते. ती त्यांच्या पलंगाच्या कडेला बसली, बरंच रडली, मग नाक पुसून पिशवीत हात घातला आणि तिच्या जहाजाची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. टोपी भुवयांच्या खाली, थेट डोळ्यांवर उतरली.

"फिट होतेय का, आजू?" तिने विचारलं.

बाबांनी हाताने टोपी वर केली आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "मोठी होते मला."